उणे ३० अंशांत द्राक्षवेल: मिनेसोटातल्या परसात सोमरसेट सीडलेस

निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरला की पहाटे चारला बागांमधून शेकोट्या पेटतात. माझं माहेर त्याच तालुक्यातलं, त्यामुळे द्राक्ष आणि थंडीचं वैर मी लहानपणापासून बघत आले. मणी तडकतात, फुगवण थांबते, घरातली माणसं धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी ओसरीवर चहा पीत बसतात. त्यामुळे मिनियापोलिसच्या उपनगरात राहायला आल्यावर शेजारच्या आजोबांच्या कुंपणावर द्राक्षांचे घड लोंबताना दिसले, तेव्हा आधी वाटलं की शोभेचे, प्लास्टिकचे असतील. ३० जानेवारी २०१९ ला इथल्या विमानतळावर उणे ३३ अंश सेल्सिअसची नोंद झाली. त्या वर्षीही आजोबांच्या वेलीला द्राक्षं आली. कमी आली, पण आली.

दादाला व्हिडिओ कॉलवर ती वेल दाखवली तर त्याचा पहिला प्रश्न, "रात्री शेकोटी किती ठिकाणी लावता गं?" शेकोटी कुणी लावत नाही. वेल पाच महिने उघड्यावर, बर्फात, एकही पान नसलेली उभी असते.

माझ्या परसातली सोमरसेट सीडलेस ही थंडी सोसणारी, बिनबियांची द्राक्षवेल मी दोनदा लावली असं म्हणायला हरकत नाही, कारण पहिल्यांदा माझ्याच हाताने ती जवळजवळ मेली. हा लेख मिनेसोटा, विस्कॉन्सिन, डकोटा अशा कडक हिवाळ्याच्या भागात राहणाऱ्यांसाठी आहे. टेक्सास-कॅलिफोर्नियावाल्यांनी यातली छाटणी आणि जाळी तेवढी वाचावी.

आधी हे समजून घ्या: वेल थंडीने मरत नाही, कच्ची राहिल्याने मरते

आपल्याकडे एप्रिलमध्ये काडी तयार करायला खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोड छाटणी. वेलीला खरी झोप अशी मिळतच नाही. डोळे (काडीवरच्या कोंबाच्या गाठी) एकसारखे फुटावेत म्हणून वर औषधाचं पेस्टिंग करावं लागतं. सगळा भर वेल चालू ठेवण्यावर असतो: पाणी, खत, फुटवा, पुन्हा पाणी.

इथे उलट. इथल्या नदीकाठांवर जी रानद्राक्षं वाढतात, व्हायटिस रिपारिया, त्यांच्या रक्तातच असं आहे की ऑगस्टमध्ये दिवस पुरेसे लहान झाले की शेंडा थांबतो. हिरवी काडी खालून वर तपकिरी होत जाते. आपण जिला काडीची परिपक्वता म्हणतो, तीच. नंतर थंडी हळूहळू वाढत जाते तसतसे डोळ्यांमधल्या पेशी आतलं पाणी न गोठवता खूप खालचं तापमान सोसायला शिकतात. पूर्ण तयार झालेला रिपारियाच्या वंशातला डोळा जानेवारीत उणे ३० झेलतो. तोच डोळा ऑक्टोबरच्या सुरुवातीला हिरव्या काडीवर असेल तर उणे चार-पाचलाही संपतो.

पहिल्या वर्षी मी नेमकं हेच चुकवलं. माहेरच्या सवयीने जूनपासून दर पंधरा दिवसांनी लॉनचं नत्रयुक्त खत टाकलं, रोज पाइप धरला. वेल बारा फूट गेली. सप्टेंबरअखेर फोटो काढून दादाला पाठवले, त्याने अंगठा वर केला. एप्रिलमध्ये चाकूने साल खरवडली तर वरून खाली सगळीकडे आत कोको पावडरसारखा रंग. हिरवा धागा सापडला तो जमिनीपासून चार बोटांवर. बारा फुटांतले जेमतेम चार बोटं.

त्यानंतर माझा एकच नियम झाला: एक ऑगस्टनंतर वेलीचे लाड बंद.

जात निवडताना

नाशिकहून बॅगेत थॉमसनच्या काड्या आणायचा विचार असेल तर सोडून द्या. एक तर परवानगीशिवाय काड्या आणणं बेकायदा आहे. दुसरं म्हणजे थॉमसन, सोनाका, शरद या सगळ्या युरोपीय वंशाच्या जाती, उणे १५ ते २० च्या आसपास त्यांचे डोळे जायला लागतात. इथे तेवढी थंडी म्हणजे डिसेंबरमधला एखादा साधा मंगळवार.

मोठ्या दुकानांच्या गार्डन सेंटरमध्ये बहुतेक वेळा कॉन्कर्ड असते. ती १८४९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावात तयार झालेली जुनी, नावाजलेली जात. जेलीचा जांभळा वास म्हणतात तो तिचाच. पण मिनेसोटात ती पिकायला वेळच पुरत नाही. सप्टेंबरअखेर अर्धे मणी हिरवे आणि बाहेर फ्रॉस्टचा, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीचा इशारा. त्यामुळे जात निवडताना "थंडी सोसते का" याच्या बरोबरीने "ऑगस्टअखेर पिकते का" हेही विचारा. लवकर पिकणाऱ्या वेलीला फळ उतरल्यावर काडी पक्व करायला महिनाभर मोकळा मिळतो, म्हणजे ती हिवाळाही चांगला काढते.

इथे एका माणसाबद्दल सांगायलाच हवं. एल्मर स्वेन्सन, १९१३ ते २००४, विस्कॉन्सिनमधल्या ऑसिओला गावचे दुभती जनावरं पाळणारे शेतकरी. १९४० च्या दशकापासून त्यांनी आपल्या शेतावर रानद्राक्षाचा कणखरपणा आणि खाण्याच्या द्राक्षाची गोडी यांचे संकर करायला घेतले. पुढे काही वर्षं मिनेसोटा विद्यापीठाच्या फळसंशोधन केंद्रातही काम केलं. आज या भागात परसातल्या बऱ्याच वेली त्यांनी तयार केलेल्या आहेत. आपल्याकडे तासगावच्या एका शेतकऱ्याच्या बागेतून "तास-ए-गणेश" आली, त्याच पठडीतली ही गोष्ट. मला म्हणूनच हा माणूस जवळचा वाटतो.

त्यांची सोमरसेट सीडलेस ही माझी निवड. गुलाबी-लाल, बिनबियांची, ऑगस्टच्या मध्यापासून महिनाअखेरीपर्यंत पिकणारी आणि बिनबियांच्या जातींमध्ये थंडीला सर्वांत दणकट समजली जाणारी. स्वेन्सन यांचीच स्वेन्सन रेड चवीला सरस, मणी मोठा, पण बिया आहेत आणि केवडा (पानांवरचा बुरशीचा रोग) तिला पटकन धरतो. एडलवाइस पांढरी, रसाळ. पिकून फार दिवस ठेवली तर तिला एक उग्र वास येतो, म्हणून जरा आधी काढायची. फारच उत्तरेला, कॅनडाच्या सीमेकडे असाल तर साउथ डकोटा स्टेट विद्यापीठाची १९८२ सालची व्हॅलियंट घ्या. ती कशानेच मरत नाही म्हणतात, मात्र मणी बारीक, बिया भरपूर, खायला नव्हे तर जेलीला. मिनेसोटा विद्यापीठाची १९४४ ची ब्लूबेलही चांगली आहे, बिया चालत असतील तर. फ्रॉन्टेनॅक, मार्केट, इटास्का ही नावं दिसली तर त्या वाइनच्या जाती. फ्रॉन्टेनॅकचा तर आंबटपणा असा की दात शिवशिवतात.

नर्सरीतून घेताना एक विचारा: स्वतःच्या मुळावरची आहे ना? आपल्याकडे डॉगरिज या खुंटावर कलम केल्याशिवाय कुणी लागवड करत नाही. इथे कलम नको. हिवाळ्यात वरचं सगळं गेलं तरी स्वमुळावरची वेल जमिनीतून पुन्हा तीच फुटते. कलमी असती तर खुंट फुटला असता. माझी वेल वाचली ती एवढ्याचमुळे.

जागा

रोज सात-आठ तास ऊन हवं. त्याखाली तडजोड नको. घराच्या दक्षिण बाजूची भिंत चांगली, भिंत दिवसभराची ऊब रात्री सोडते आणि फळ आठवडाभर लवकर येतं. मात्र भिंतीला चिकटून नको, वारा खेळायला हवा, नाहीतर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) घरचीच.

अंगणाला उतार असेल तर अगदी खालचा कोपरा टाळा. थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते आणि तिथे साचते. मेमधल्या एखाद्या पहाटे अनवाणी अंगणात फिरून बघा, पायांना कळतं कुठे गार आहे ते.

जमीन इथे बऱ्याच ठिकाणी चिकट. द्राक्षाला पाय ओले ठेवून उभं राहायला आवडत नाही. माझ्याकडे पावसानंतर पाणी दोन दिवस हटायचं नाही, म्हणून मी निफाडसारखा बोद घातला: फूटभर उंच, तीन फूट रुंद. शेजारच्या आजोबांनी येऊन विचारलं, इथे कुणाला पुरलंय का? मातीचा सामू (pH) साडेपाच ते साडेसहा-सात चालतो. मिनेसोटा विद्यापीठाची माती तपासणी प्रयोगशाळा आहे, थोडक्या पैशात अहवाल मिळतो. मुख्य म्हणजे त्यामुळे उगाच खत टाकायचा हात आवरतो.

ताटी

लागवडीच्या आधी किंवा निदान पहिल्याच उन्हाळ्यात उभी करा. मांडव सुंदर दिसतो हे खरं, पण परसातल्या दोन वेलींना सरळ ताटी पुरे.

खणण्याआधी ८११ ला फोन करायचा. फुकट असतं, ते येऊन गॅसची, विजेची लाइन जमिनीवर रंगाने आखून देतात. हे टाळून खांब ठोकणं म्हणजे जिवाशी खेळ.

आठ फुटी लाकडी खांब घ्या, दोन फूट जमिनीत. आणखी लांब खांब घेऊन तो खोल गाडला तर उत्तम, कारण हिवाळ्यात इथली जमीन तीन-साडेतीन फूट खोलवर गोठते, फुगते आणि उथळ खांब दात उपसावा तसा वर ढकलते. माझा एक कोपऱ्याचा खांब दोन हिवाळ्यांत चार इंच वर आला. टोकाच्या खांबांना तिरका आधार द्या. खांबांवर दोन तारा: एक तीन फुटांवर, दुसरी सहा फुटांवर. खरं काम वरच्या तारेचं. खालची कोवळ्या वेलीला चढायला आधार.

दोन वेलींत सात-आठ फूट अंतर. नवीन माणसाला हे अंतर वाया गेल्यासारखं वाटतं. तिसऱ्या वर्षी वाटत नाही.

लागवड

जमीन कसता येण्याइतकी मऊ झाली की, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. बिनमातीची, नुसत्या मुळ्यांची रोपं याच काळात मिळतात आणि स्वस्त असतात. आली त्या दिवशी तीन-चार तास बादलीत मुळ्या भिजवा. तुटक्या मुळ्या कापा. खड्डा मुळ्या पसरतील एवढा रुंद. खोली नर्सरीत होती तेवढीच, दोन बोटं जास्त चालतील. खड्ड्यात खत घालायचं नाही. हे लिहिताना माझाच हात थरथरतो, कारण घरी खड्ड्यात शेणखत न टाकता रोप लावलं असतं तर आईने जेवायला वाढलं नसतं. पण इथे नाही.

मग सगळ्यांत अवघड काम: वरची काडी दोन-तीन डोळ्यांवर छाटा. हातभर रोपाचं बोटभर उरतं. मुळ्यांना तेवढंच पोसता येतं.

पहिलं वर्ष

नवी फूट (कोंब) वीतभर झाली की सर्वांत जोमदार एक ठेवा, शेजारी बांबू रोवा आणि दर आठवड्याला सैल बांधत चला. आणखी एक जपून बाजूला ठेवली तर पुढे दोन खोडं करता येतात. इथे अनुभवी लोक दोन खोडं ठेवतात, कारण एखादा हिवाळा किंवा ससा एक खोड खातोच. बाकीच्या फुटी काढून टाका. घड दिसला तर तोही, हळहळ न करता.

पाणी आठवड्याला एकदा, वेलीमागे साधारण पाच गॅलन, पाऊस झाला असेल तर तेही नको. बुडाभोवती दोन-तीन फूट गवत येऊ देऊ नका.

गवतावरून आठवलं. या देशात द्राक्षाला सर्वांत मोठा धोका थंडीचा नाही, हिरवळीचा आहे. लॉनमधली डँडेलियन मारायला जी औषधं मारतात त्यांत बहुधा टू-फोर-डी हे तणनाशक असतं आणि द्राक्ष त्याला भयंकर हळवं. दोन घरं सोडून एका लॉन कंपनीच्या माणसाने वाऱ्याच्या दिवशी फवारणी केली. चार दिवसांनी माझ्या वेलीची नवीन पानं बघवेनात: पान पसरायच्या ऐवजी आखडलेलं, पंख्यासारखं घडी पडलेलं, कडेला दातऱ्या लांब लोंबणाऱ्या, शिरा एकमेकींना चिकटून समांतर धावणाऱ्या. मला आधी विषाणू वाटला, वेल उपटायलाच निघाले होते. नंतर कळलं. तेव्हापासून दर एप्रिलला मी आजूबाजूच्या चार घरी केळ्याचा ब्रेड घेऊन जाते आणि विनंती करते की फवारणी वारा नसताना करा, मे-जूनमध्ये जमल्यास करूच नका. आपल्या स्वतःच्या लॉनवर "वीड अँड फीड" (खत आणि तणनाशक एकत्र) टाकत असाल तर वेलीच्या आसपास ते अजिबात नको.

ऑगस्ट

खत नाही. नत्र तर जूननंतर त्या वर्षी नाहीच. पाणी कमी करत आणा, पानं अगदीच मलूल झाली तर द्या. शेंडा आपणहून थांबला नसेल तर ऑगस्टच्या मध्यावर खुडा आणि बगलफुटी (पानांच्या बगलेतले कोंब) काढत राहा. सप्टेंबरच्या सुरुवातीला काडीवर अंगठा फिरवून बघा: तपकिरी, किंचित खरखरीत, वाकवली तर कणखर लागली की ती हिवाळ्याला तयार. हिरवी, गुळगुळीत, लवचिक असेल तेवढा भाग गेला असं धरून चाला. पहिल्या वर्षी तीन-चार फूट तपकिरी काडी मिळाली तर ती बारा फूट हिरवीपेक्षा लाखमोलाची.

पहिला हिवाळा

नोव्हेंबरमध्ये पानं गळाल्यावर बुडाशी आठ-दहा इंच मातीचा ढीग करा. पेंढाही चालतो, पण त्यात उंदीर घर करतात. खोडाभोवती बारीक लोखंडी जाळीचं नळकांडं लावा, दोन फूट उंच. बर्फ साचला की ससा त्यावर उभा राहून वरचं खातो, तेव्हा उंचीत कंजुषी नको. बर्फ झटकू नका, उलट वाटेवरचा उपसलेला बर्फ वेलीच्या बुडाशी टाका, तीच तिची गोधडी. मात्र मीठ टाकलेला बर्फ नको.

पहिल्या दोन हिवाळ्यांनंतर सोमरसेटला हे मातीचं पांघरूण लागत नाही. ससे मात्र कायमचे.

छाटणी

मार्च उजाडला, तापमान शून्याच्या आसपास खेळायला लागलं की ब्लेड घेऊन बाहेर जायचं. वेगवेगळ्या काड्यांवरचे दहा डोळे आडवे कापून बघा. द्राक्षाचा एक डोळा म्हणजे खरं तर तीन: मधला मोठा, त्यात घड असतात, शेजारी दोन राखीव, त्यांत घड कमी किंवा नाहीतच. मधला हिरवा दिसला तर जिवंत, तपकिरी-काळा दिसला तर मेला. दहातले दोन-तीन मेले तर नेहमीसारखी छाटणी करा. पाच मेले तर दुप्पट डोळे राखा. दादाला हे फार आवडलं. तिकडे सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घड मोजून घेतात, त्याचाच हा गरीब भाऊ.

दुसऱ्या वर्षी: खोड सहा फुटी तारेपर्यंत पोचलं असेल तर तारेच्या किंचित खाली छाटा, वरून निघणारे दोन कोंब डावी-उजवीकडे तारेवर पसरवा. हे तुमचे ओलांडे. पोचलं नसेल तर पुन्हा दोन डोळ्यांवर आणा आणि आणखी एक वर्ष द्या. घड या वर्षीही काढायचेच.

तिसऱ्या वर्षापासून: फळ येतं ते गेल्या वर्षीच्या तपकिरी काडीतून निघालेल्या नव्या फुटीवर. जुन्या, साल सुटलेल्या लाकडातून निघालेली फूट बहुधा वांझ. ओलांड्यावर वीत-वीत अंतरावर एक काडी ठेवा, तिला तीन-चार डोळे ठेवा, बाकी सगळं उतरवा. पूर्ण वाढलेल्या वेलीवर चाळीस-पन्नास डोळे उरतील. म्हणजे गेल्या वर्षीची ऐंशी-नव्वद टक्के वाढ जमिनीवर पडलेली असेल. कमी छाटणारे लोक मला इथे पुष्कळ भेटले, जास्त छाटणारा अजून एकही नाही. कापलेल्या टोकातून पाणी टपकायला लागलं तर घाबरू नका, वेल रडते, मरत नाही.

घाई मात्र करू नका. काडीच्या टोकाचे डोळे आधी फुटतात आणि ते खालच्यांना दाबून ठेवतात. म्हणून मी मार्चअखेर अर्धीच छाटणी करते, काड्या लांब ठेवते. मे उजाडल्यावर टोकाकडचे डोळे कापसले (फुगून कापसासारखे दिसले) की मग त्या तीन-चार डोळ्यांवर आणते. खालचे डोळे आठवडाभर उशिरा फुटतात आणि मेमधल्या एखाद्या रात्री तो आठवडा फार मोलाचा ठरतो.

मेमधली ती रात्र

जानेवारीतले उणे ३० सोसणारा डोळा एकदा पोंग्यात आला, म्हणजे त्यातून पानं उलगडायला लागली की उणे दोनलाही जातो. ट्विन सिटीजमध्ये (मिनियापोलिस-सेंट पॉल) शेवटचं फ्रॉस्ट साधारण मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होतं; लोक मदर्स डे (मेचा दुसरा रविवार) झाल्याशिवाय टोमॅटो बाहेर काढत नाहीत. पण एका वर्षी त्याच्याही नंतर झालं. संध्याकाळी आकाश निरभ्र, वारा पडलेला, गवत ओलं. मी झोपून गेले. सकाळी चार इंची फुटी तव्यावर टाकलेल्या मेथीसारख्या काळ्या-हिरव्या, लोळागोळा. दोन-तीन आठवड्यांत राखीव डोळे फुटले, वेल हिरवी झाली, घड मात्र सात.

आता हवामानात दोन अंशांखालचा अंदाज दिसला की जुन्या चादरी तारेवरून थेट जमिनीपर्यंत टाकते आणि कडेला विटा ठेवते. चादर जमिनीपर्यंत पोचायलाच हवी, ऊब मातीतून येते. नुसतं टोपी घातल्यासारखं वरून झाकून उपयोग नाही. प्लास्टिक पानाला चिकटतं, ते नको. संध्याकाळी माती ओली केली तर आणखी बरं. सकाळी ऊन आल्यावर चादरी काढा.

जून-जुलै

फुलोरा जूनच्या मध्याला. परागीकरणाची चिंता नको, एकच वेल पुरते. फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढा, घडाजवळची सकाळच्या उन्हाच्या बाजूची दोन-तीन पानं खुडा. मणी फुगवायला घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड) द्रावणात बुडवणं, शेंडा-विरळणी यांतलं काही करायचं नाही. मणी मटाराएवढाच राहणार, तो तसाच असतो.

जुलैत जपानी भुंगेरे येतात: तांब्याच्या पाठीचे, हिरव्या डोक्याचे, देखणे बदमाश. पानाची जाळी करतात. सकाळी गार असताना ते सुस्त असतात, साबणाच्या पाण्याची बादली खाली धरून फांदीला टिचकी मारायची. बाजारातले सापळे लावू नका, ते शेजारचेही भुंगेरे तुमच्याकडे बोलावतात.

मणी तपकिरी डाग पडून काळे, सुरकुतलेले, बेदाण्यासारखे झाले तर ती काळी कूज. असे मणी जमिनीवरही ठेवू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात. गंधक मारायची आपली सवय इथे आवरा, काही अमेरिकन जातींची पानं गंधकाने भाजतात. ज्याच्या लेबलवर द्राक्ष लिहिलंय तेच औषध आणि तेही गरजेपुरतं.

फळ

मण्यात पाणी उतरलं, रंग बदलायला लागला की त्याच दिवशी पक्ष्यांची जाळी. रॉबिन पक्ष्यांना आपल्याआधी कळतं. जाळी खालून बांधा, नाहीतर ते चालत आत येतात. गांधीलमाशांसाठी घडांना लग्नात सुपारी देतात तसल्या जाळीच्या पिशव्या घालते, छान चालतात.

रंग आला म्हणजे पिकलं असं नाही. गुलाबी झाल्यावरही दोन-तीन आठवडे थांबा. तोडलेलं द्राक्ष पिकत नाही, आंबट तोडलं की आंबटच राहिलं. घडाच्या टोकाचा, सर्वांत खालचा मणी खाऊन बघा. तो गोड लागला की घड तयार.

चवीबद्दल खरं सांगते. पहिल्यांदा खाल तेव्हा नाशिकची थॉमसन डोक्यात ठेवू नका. कुरकुरीतपणा कमी, साल जाणवते, मणी छोटा. पण मागे स्ट्रॉबेरीसारखा एक वास रेंगाळतो, तो थॉमसनला नाही. चांगल्या वर्षी एका वेलीची पाच-सहा किलो निघतात. घरात कुत्रा असेल तर खाली पडलेले मणी रोज उचला, द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात.

काड्या

मार्चमध्ये उतरवलेल्या काड्या फेकू नका. पेन्सिलच्या जाडीच्या, पक्व, तीन-चार डोळ्यांच्या काड्या निवडा. खालचं टोक डोळ्याच्या लगेच खाली सरळ कापा, वरचं डोळ्याच्या बोटभर वर तिरकं. म्हणजे पुढे कुठली बाजू वर हे विसरलं तरी चालतं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत फ्रिजच्या तळाशी ठेवा. शेजारी सफरचंद नकोत, त्यांच्यातून निघणारा वायू डोळ्यांना मानवत नाही. मेमध्ये वरचा एक डोळा बाहेर ठेवून कुंडीत रोवा आणि सावलीत ठेवा. जात पेटंटची असेल तर अशा काड्या करायला परवानगी नसते, तेव्हा आधी लेबल बघा. वरचा डोळा दोन-तीन आठवड्यांत फुटतो, पण त्यावर भाळू नका. तो काडीतल्या साठ्यावर फुटलेला असतो, मुळ्या यायला आणखी महिना लागतो. या महिन्यात काडी ओढून बघायची नाही. माझ्या मुलाने पहिल्या वर्षी सहाच्या सहा रोज ओढून बघितल्या.